आधी ईसीजी, मग पित्त

“छातीत थोडं जड वाटलं, जरा गरगरलं, एवढ्यावरून कुणी इस्पितळ गाठतं का?” हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो आणि विचारणाऱ्याने त्याचं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. पित्त झालंय. गॅस वर चढलाय. जागरण भोवलंय. ओवा चाव, सोडा घे, थोडा वेळ पड. या उत्तराच्या बाजूने युक्तिवादही केला जातो. अशा तक्रारींपैकी बहुतेक हृदयाच्या नसतात, त्या आपोआप शमतात, डॉक्टरकडे गेलं की तपासण्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं आणि सतत हृदयाची धास्ती घेऊन धडधाकट माणूसही आजारी पडतो. असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, निवृत्त अधिकारी असतात, खासगी रुग्णालयाच्या बिलाने पोळलेली कुटुंबं असतात. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकणं योग्य नाही. त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं साधं आहे. पित्त असू शकतं, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. छातीत अस्वस्थता आणि चक्कर ही दोन्ही एकत्र आली, की जिवावर बेतणारी कारणं आधी तपासून बाजूला करायची आणि मग उरलेल्यांतलं खरं कारण शोधायचं. आपण हा क्रम उलटा करतो, आणि त्याची किंमत ज्याचं दुखतंय त्यालाच मोजावी लागते.

पहिला मुद्दा ‘बहुतेक वेळा हृदय नसतं’ हा. तो मला मान्य आहे. फॅमिली डॉक्टरकडे छातीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना अन्ननलिकेतली जळजळ, बरगड्यांच्या सांध्यांची सूज, आखडलेला स्नायू किंवा मनावरचा ताण यांपैकी काहीतरी असतं. पण ‘बहुतेक’ हा शेकडो माणसांचा हिशेब झाला. आपल्यासमोर बसलेला माणूस त्या बहुतेकांतला आहे की उरलेल्यांतला, हे त्या हिशेबातून कळत नाही. शिवाय इथे दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नाहीत. पित्त असताना ईसीजी काढला, तर काहीशे रुपये आणि अर्धी दुपार जाते. हृदयविकार असताना पित्त समजून झोपवलं, तर रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली राहते आणि तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं, पुढे तासागणिक त्याचा फायदा घटतो. मेलेला स्नायू परत येत नाही. एका चुकीतून सावरता येतं आणि दुसरीतून येत नाही, तेव्हा शहाण्याने कोणती चूक पत्करावी, हा प्रश्न अवघड नाही.

दुसरा मुद्दा असा, की ‘खरा झटका वेगळाच असतो, तो कळतोच’. सिनेमाने आपल्या मनात एक चित्र पक्कं केलं आहे: माणूस छाती घट्ट धरतो, ओरडतो, कोसळतो. तसं होतंही. पण विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने 1768 मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे या दुखण्याचं वर्णन पहिल्यांदा नेमकेपणाने मांडलं, त्यात आरडाओरडा नव्हता. छाती आवळल्यासारखी होते, जीव घाबरा होतो, चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच चालताना हे जाणवतं, थांबलं की ओसरतं, असं त्याने नोंदवलं होतं. जेवणानंतर चालताना, हे लक्षात घ्या. ‘जेवल्यावर होतं, म्हणजे पित्तच’ हे आपलं ठाम अनुमान अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या वर्णनापुढेही टिकत नाही.

त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली असते आणि पटलाच्या लगेच खाली जठर असतं. हृदयाच्या आणि अन्ननलिकेच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागातून मेंदूकडे जातात, त्यामुळे वेदना नेमकी कुठून आली हे मेंदूला सांगता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला, तर गोंधळ आणखी वाढतो. त्या भागातल्या मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेमुळे मळमळतं, घाम सुटतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, ओकारीची भावना, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ही सगळी लक्षणं कुणाही मराठी घरात सांगा. दहापैकी नऊ घरांत ‘पित्त उसळलंय’ हेच ऐकायला मिळेल. वैद्यकशास्त्र मात्र याच लक्षणांवर ताबडतोब ईसीजी काढायला सांगतं.

2 जानेवारी 2021 रोजी कोलकात्यात सौरव गांगुली घरी व्यायाम करत असताना त्यांना छातीत अस्वस्थ वाटलं आणि चक्कर आली. वय 48, आयुष्य मैदानावर गेलेलं. त्याच दिवशी तपासणीत त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली, महिनाअखेरीस आणखी दोन स्टेंट बसवले गेले. आपल्या श्रेयस तळपदेंना 14 डिसेंबर 2023 रोजी चित्रीकरण संपता संपता धाप लागली, डावा हात दुखू लागला. मारामारीच्या दृश्यांमुळे स्नायू आखडला असेल, असं आपल्याला वाटल्याचं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. ते तेव्हा 47 वर्षांचे होते, आणि ते वाचले ते वेळेवर रुग्णालयात पोहोचल्यामुळे. दोघांनाही सुरुवातीला जे जाणवलं, त्याला एखादं निरुपद्रवी कारण चिकटवणं अगदी सोपं होतं.

इथे ‘पण इतक्या लहान वयात?’ हा आक्षेप येतोच. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या 52 देशांतल्या अभ्यासाच्या माहितीवरून पुढे असं दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय 53 आहे, तर इतर देशांतल्या लोकांत ते सुमारे 59. म्हणजे आपल्याकडे हा आजार पाच-सहा वर्षं आधीच दार ठोठावतो. त्यात तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाचा घेर आणि घरात कुणाला लवकर झालेला हृदयविकार, यांपैकी काही असेल तर चाळिशीतही निर्धास्त राहता येत नाही. मधुमेह्यांत तर मज्जातंतू बधिर झाल्याने कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हा दिलासा मधुमेह्याला कुणी देऊ नये.

तिसरा मुद्दा लोकांना सर्वांत बिनतोड वाटतो: ‘सोडा घेतला, ढेकर आली, बरं वाटलं. म्हणजे पित्तच ना?’ नाही. सोडा घेणारा माणूस त्याच वेळी खालीही बसतो. हृदयाला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं बसल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरतं, आणि त्याचं श्रेय सोड्याला मिळतं. आम्लविरोधी औषधाने बरं वाटलं या कारणावरून हृदयविकार नाही असं मानू नये, हे तातडीच्या वैद्यकात फार पूर्वीपासून शिकवलं जातं. जिभेखालच्या गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच होतं, हे अनुमानही तितकंच कच्चं आहे, कारण त्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकाही सैल होतो.

त्या गोळीबद्दल आणखी बोलायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांत ती सर्वांत पुढे असते. सॉर्बिट्रेट खिशात ठेवा, छातीत दुखलं की कुणालाही जिभेखाली द्या, असं सांगितलं जातं. या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. ज्याला छातीच्या दडपणाबरोबर चक्कर येते आहे, त्याचा रक्तदाब आधीच उतरलेला असण्याची शक्यता असते. हृदयाच्या उजव्या भागाला इजा झाली असेल, किंवा त्या माणसाने लैंगिक दुर्बलतेवरचं औषध घेतलेलं असेल, तर ही गोळी त्याला पार खाली नेऊ शकते. ज्याला डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली आहे, त्याने सांगितल्याप्रमाणे घ्यावी. इतरांनी दुसऱ्याच्या जिभेखाली ठेवू नये. ‘एकटे असाल तर जोरजोरात खोका’ हा दुसरा प्रसिद्ध सल्ला. त्याने गुठळी हलत नाही, फक्त फोन करायची मिनिटं वाया जातात.

चौथा मुद्दा क्वचितच उघडपणे मांडला जातो, पण वागण्यात सतत दिसतो: बाईची तक्रार म्हणजे टेन्शन. छातीत धडधडतं, गरगरतं, दम लागतो असं घरातली बाई सांगते, तेव्हा तिला विश्रांतीचा सल्ला मिळतो आणि सगळ्यांचं जेवण उरकेपर्यंत ती विश्रांतीही मिळत नाही. ती स्वतःही ‘सणाचं आटोपू दे, मग बघू’ म्हणते. 1991 मध्ये बर्नाडीन हीली या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं, की पुरुषासारखा ठळक आजार समोर आल्याशिवाय बाईच्या हृदयाची दखल डॉक्टरही नीट घेत नाहीत. बायकांनाही छातीत दडपण येतंच, पण सोबत मळमळ, धाप, पाठ-जबड्याचं दुखणं, विलक्षण थकवा हे जास्त वेळा असतं. ही लक्षणं ‘वेगळी’ म्हणून दुय्यम मानायची खोड मोडावी, म्हणून 2021 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी असं वर्गीकरणच सोडून द्यायला सांगितलं आहे.

आणि समजा, बाईचं हृदय ठणठणीत निघालं, तरी तिची तक्रार खोटी ठरत नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी असेल, तर जिना चढताना छाती धडधडते, जड होते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून एक सलाईन लावून घरी पाठवणं हा उपचार नव्हे. हिमोग्लोबिन मोजा, पाळीत किती रक्त जातं ते विचारा, लोहाच्या गोळ्या पुरेसे महिने द्या. दुखणं ओळखलं, तर ते बरं होणारं आहे.

पित्तवाद्यांच्या युक्तिवादातली सर्वांत मोठी उणीव मला इथेच दिसते. हृदयविकार नसतानाही त्यांचा घरगुती निवाडा माणसाला बरं करत नाही. चक्करेचंच पाहा. कूस बदलताना किंवा वर फडताळाकडे बघताना घर फिरल्यासारखं होतं, मिनिटभराच्या आत थांबतं, पुन्हा मान वळवली की पुन्हा फिरतं. हे बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नलिकेत गेल्याने होतं. जॉन एप्ली या डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. दवाखान्यातल्या खाटेवर काही मिनिटांत होणारा हा उपाय आहे, तरी आपल्याकडे असे रुग्ण ‘मणक्याचं आहे’ म्हणून वर्षानुवर्षं मानेला पट्टा बांधतात आणि चक्करेच्या गोळ्या खातात.

दुसऱ्याला उठून उभं राहिलं की अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण तिथे आहे. मग रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांचा हिशेब पुन्हा मांडायला हवा. झोपवून आणि उभं करून, असा दोनदा रक्तदाब मोजला की हे कळतं, पण दुसऱ्यांदा मोजायला कुणाला सवड नसते. तिसरा मधुमेही एकादशीला सकाळची गोळी घेतो आणि जेवत नाही, दुपारी घामाघूम होऊन गरगरतो. ते उपवासाचं पित्त नसतं, साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. हे सगळे लोक वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेतात आणि त्यांचं खरं कारण तसंच राहतं.

काही कारणं दुर्मीळ आहेत, पण जबर आहेत. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर पायात झालेली गुठळी फुप्फुसात जाते, तेव्हा धाप, छातीत टोचणं आणि भोवळ एकत्र येतात. लहानपणीच्या सांधेतापाने किंवा वयोमानाने हृदयाची मुख्य झडप आकसली असेल, तर श्रम करताना छातीत दुखतं आणि घेरी येते. छातीला नीट स्टेथोस्कोप लावला, तर तो आवाज बहुधा ऐकू येतो. हृदयाचे ठोके मध्येच बेताल होत असतील, तर साध्या ईसीजीत ते सापडेलच असं नाही, 24 तासांची नोंद घ्यावी लागते. चक्करेबरोबर बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसू लागले किंवा चालताना तोल गेला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो आणि तिथेही घड्याळ चालू झालेलं असतं.

आता पाचवा मुद्दा, पैशांचा. इथे विरोधकांचा राग रास्त आहे. हृदयाच्या भीतीवर आपल्याकडे धंदा झाला आहे, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. लाखाच्या घरात विकल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटवर सरकारला फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली, ती उगाच नव्हे. काहीही लक्षण नसलेल्या माणसाला विकली जाणारी तपासण्यांची पॅकेजं आणि ‘लगेच अँजिओग्राफी करून टाका’चा दबाव, यांविरुद्ध बोललंच पाहिजे. पण मी मागतो आहे ते यातलं काही नाही. डॉक्टरने नीट विचारपूस करावी, नाडी आणि रक्तदाब पाहावा, ईसीजी काढावा, साखर आणि हिमोग्लोबिन तपासावं, आणि शंका असेल तिथे ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्ततपासणी करावी. यातलं बरंचसं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. तपासण्यांचा अतिरेक वाईट आहे, पण त्यावर उपाय म्हणून आवश्यक तपासणीही टाळायची, यात रुग्णालयाचं काही बिघडत नाही. जीव रुग्णाचा जातो.

ईसीजीबद्दलही एक गैरसमज आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असं मानलं जातं. झटक्याच्या सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो आणि ट्रोपोनिन रक्तात वाढायलाही काही तास लागतात. म्हणून त्रास चालू असेल किंवा परत आला, तर दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. “एकदा झालंय ना, आता परत कशाला?” असं नातेवाइकांनी म्हणू नये, आणि पुन्हा तपासणाऱ्या डॉक्टरला लुटारू ठरवू नये.

शेवटचा मुद्दा: ‘असं बोलून तुम्ही माणसांना भित्रं करता.’ माझा अनुभव उलट आहे. छातीतल्या प्रत्येक कळेला दचकणारा माणूस बहुधा तो असतो, ज्याला कुणी नीट तपासून समजावून सांगितलेलं नसतं. भीतीच्या झटक्यात श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळते. हा खरा शारीरिक त्रास आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण हृदय तपासल्यावरच डॉक्टर हे ठामपणे सांगू शकतो आणि तेव्हाच रुग्णाला ते पटतं. न तपासता ‘मनाचे खेळ आहेत’ म्हटलं की त्याची भीती वाढते आणि विश्वासही उडतो.

म्हणून पुढचं सांगणं सरळ आहे. छातीत दडपण काही मिनिटांहून जास्त टिकलं, किंवा त्याबरोबर घाम, धाप, भोवळ, हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, बेताल धडधड यांपैकी काहीही आलं, तर 108 ला फोन करा. ती रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यातही मिळते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, मुलाच्या दुचाकीवर मागे बसून जाऊ नका, आणि घरातलं सगळं आटोपण्याची वाट पाहू नका. त्रास सौम्य असेल आणि ओसरला असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, काय करताना झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून न्या.

फॅमिली डॉक्टरांनाही एक विनंती आहे. प्रौढ माणूस छातीतली अस्वस्थता आणि चक्कर घेऊन आला, तर ईसीजीआधी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका. तुमच्याकडे यंत्र नसेल, तर जिथे आहे तिथे लगेच पाठवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द आपल्याकडे अजूनही मानला जातो. आजवर त्यांनी ‘काही होत नाही’ म्हणून अनेकांना घरी थांबवलं आहे. तोच अधिकार त्यांनी आता ‘आधी दाखवून ये’ म्हणण्यासाठी वापरावा. तपासणीत पित्तच निघालं, तर पित्ताची गोळी आहेच, आणि ती निर्धास्तपणे घेता येईल.